चिकटवलेली प्लॅस्टिकची मॉडेल-घरं न मोडता सोडवता येतात का?

घाटमाथा

नमस्कार मंडळी.

माझे थोरले काका १९७९ ते १९८४ जर्मनीत नोकरीला होते. सुट्टीत घरी येताना त्यांच्या बॅगेत कपडे कमी आणि फालर, फोल्मर ह्या जर्मन कंपन्यांच्या मॉडेल-घरांची खोकी जास्त असायची. सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या माळ्यावर आठ बाय चारच्या प्लायवूडवर त्यांनी रेल्वेचं लेआउट मांडलं होतं. वाडा पाडायला घेतला तेव्हा रूळ निघाले, प्लायवूड गेलं, इमारती मात्र काकूंनी वर्तमानपत्रात गुंडाळून जपल्या. काका गेल्या वर्षी गेले. दिवाळीनंतर काकूंनी तीन खोकी माझ्या हवाली केली. म्हणाल्या, "तूच कर रे काहीतरी ह्यांचं. मला टाकवत नाही आणि बघवतही नाही."

आत दोन स्टेशनं, मालधक्का, सिग्नल केबिन, दोन इंजिनांची शेड, तीन घरं आणि एक चर्च आहे. सगळं एचओ मापाचं, म्हणजे १:८७. माणूस जेमतेम दोन सेंटीमीटरचा.

मला भोरघाटातलं जीआयपीच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या काळातल्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या, वळणाचं एक छोटं स्टेशन करायचंय. काळ्या दगडाचं जोतं, विटांच्या भिंती, कौलारू छप्पर आणि पुढे खोल पडवी. ही जर्मन घरं जशीच्या तशी घाटात ठेवली तर परकी दिसतात, पण त्यांचे सुटे भाग बघा! दगडी जोत्याचे चिरे, विटांचे थर, कौलांच्या ओळी, सगळं इतकं नेमकं ओतलेलं की हाताने करायला मला वर्ष लागेल.

अडचण अशी की सगळं पक्कं चिकटवलेलं आहे. रविवारी सिग्नल केबिनच्या कोपऱ्यात कटरचं पातं घालून हळूहळू दाबत गेलो. कडाक् आवाज आला आणि भिंत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी तडकली. सांधा होता तसाच. तेव्हापासून पुढच्या घराला हात लावलेला नाही. कुणी हे आधी केलंय का? गोंद विरघळवायचं काही औषध आहे का?

---

डोंबिवली_फास्ट

रुमाल टाकून ठेवतोय. फोटो टाका की राव!

---

मिलीमीटर

आधी पातं खाली ठेवा. गोंद कुठला आहे ते कळल्याशिवाय काहीच करू नका. एकाच घरात तीन प्रकारचे गोंद सापडतात, आणि प्रत्येकाचा उतारा वेगळा.

घर उलटं करून टॉर्च आत मारा आणि कोपरे बघा.

कोपऱ्यात प्लॅस्टिकच वितळून ओघळल्यासारखं, चकचकीत, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे सुटलेले दिसले, तर तो ट्यूबमधला किंवा ब्रशचा प्लॅस्टिक सिमेंट. सांध्याच्या कडेला पांढरी भुरी धरल्यासारखी दिसली, विशेषतः खिडकीच्या काचेवर, तर तो फेव्हिक्विकच्या जातीचा. पिवळट, नखाने दाबला तर किंचित दबणारा पापुद्रा असेल तर फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद. आणि मधासारखा पिवळा, काचेसारखा कडक गोळा असेल तर अराल्डाइट.

पांढरा गोंद सगळ्यात सज्जन. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाकून घर दोन-तीन तास बुडवून ठेवा, आपोआप सुटतं. पाणी हाताला सोसेल इतकंच गरम हवं. उकळतं पाणी ओतलंत तर भिंतींच्या पोळ्या होतील.

फेव्हिक्विकवाल्याला फ्रीझर. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवायचं आणि बाहेर काढल्याबरोबर सांध्याला हलकी पीळ द्यायची. तो गोंद ओढायला दणकट असतो, पण पीळ आणि थंडी त्याला सोसत नाही. टक् आवाज येऊन सुटतो. एक मात्र लक्षात ठेवा, थंडीत प्लॅस्टिकही ठिसूळ होतं. कठडे, धुरांडी, पन्हळी असं नाजूक काही असेल तर ते आधी काढून घ्या.

प्लॅस्टिक सिमेंटबद्दल इथे एक केमिस्ट्रीवाले आहेत, ते सांगतीलच.

---

कोकणची_गाडी

फ्रीझरच्या उपायाला माझीही साक्ष. मी मालधक्का ठेवला होता मटारच्या पिशवीशेजारी. सकाळी सौ.नी विचारलं, "ही गाडी किती वाजता सुटणार आहे?" सुटली, दोन्ही छपरं सुटली.

---

रसायनवाला

मिलीमीटर यांनी उत्तम सांगितलंय. मी मधला दुवा जोडतो, कारण घाटमाथा यांची केबिन का तडकली त्याचं उत्तर तिथेच आहे.

ही घरं पॉलिस्टायरीनची असतात. ट्यूबमधला सिमेंट हा आपण समजतो तसा गोंदच नाही. तो म्हणजे द्रावक. त्यात थोडं पॉलिस्टायरीन विरघळवून तो घट्ट केलेला असतो, ब्रशच्या बाटलीत तेही नसतं. तो दोन्ही कडांचं प्लॅस्टिक मऊ करतो, दोन्हीकडचे रेणू एकमेकांत मिसळतात, मग द्रावक उडून जातो. मागे उरतं फक्त प्लॅस्टिक. दोन भिंतींची एक भिंत झालेली असते. वेल्डिंगच म्हणा.

म्हणजे "गोंद विरघळवणारं औषध" शोधण्यात अर्थ नाही. सांध्यात विरघळवायला गोंद उरलेलाच नाही. जे औषध सांधा विरघळवेल ते भिंतही विरघळवेल. आणि चांगला जमलेला सांधा शेजारच्या भिंतीइतकाच मजबूत असतो, वर कोपऱ्यात तो जाडही असतो. जोर लावला की तुटणार ते सगळ्यात कमकुवत जागी, म्हणजे खिडकीच्या कोपऱ्यात. तुमचा हात जड नव्हता. तिथे दुसरं काही होणं शक्यच नव्हतं.

म्हणून अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, एनसी थिनर ह्या घरांच्या जवळपासही आणू नका. फेव्हिक्विक काढायला लोक अ‍ॅसिटोन सुचवतात. ते धातूवर, काचेवर ठीक आहे, इथे नाही.

---

जुनं_लाकूड

मी वेगळं बोलतो, राग मानू नका.

चाळीस वर्षांपूर्वी एका माणसाने परदेशात, एकट्या खोलीत, संध्याकाळी बसून हे एकेक घर जुळवलं. ते त्याच्या हातचं काम आहे. आपण ते "सुट्या भागांचा साठा" म्हणून बघतोय. भाग हवे असतील तर नवीन किट घ्या, पत्र्यावर कोरा, थ्रीडी प्रिंट करा. काकांचं स्टेशन काचेच्या कपाटात ठेवा. एकदा कापलं की परत नाही.

माझ्या वडिलांनी केलेली लाकडी होडी मी "दुरुस्त" करायला घेतली होती. आज तिच्या फळ्या पिशवीत आहेत.

---

घाटमाथा

जुनं_लाकूड, राग अजिबात नाही. हाच काटा मलाही टोचतोय, म्हणून तर इथे आलो. सगळी घरं मोडणार नाही. चर्च आणि मोठं स्टेशन तसंच ठेवायचं हे ठरलंय. पण बाकीची काही आधीच मोडकी आहेत. माळ्यावर पत्र्याखाली तापून एका घराचं छप्पर पापडासारखं वाकलंय.

---

नागपुरी_संत्रं

स्टिकर काढायला आम्ही निलगिरीचं तेल लावतो. चिकटपणा झटकन जातो. ते नाही का चालणार? नैसर्गिक आहे, प्लॅस्टिकला काय करणार?

---

रसायनवाला

नका लावू! निलगिरीचं तेल पॉलिस्टायरीन मऊ करतं. आणि तुमच्या नावातच दुसरा शत्रू बसलाय. संत्र्याच्या सालीच्या तेलात लिमोनीन असतं, ते पॉलिस्टायरीनचं सरळ द्रावक आहे. परदेशात कमी वासाचा मॉडेल सिमेंट म्हणून लिमोनीनच विकतात.

घरच्या घरी करता येईल अशी एक परीक्षा सांगतो. थर्मोकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरीन, ह्या घरांचंच भावंड. कुठलंही द्रावण घराला लावण्याआधी एक थेंब थर्मोकोलच्या तुकड्यावर टाका. खड्डा पडला तर ती बाटली मॉडेलच्या टेबलावरून उचला. थर्मोकोल जसंच्या तसं राहिलं तरच पुढे जा, तेही आधी घराच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला लावून.

---

नागपुरी_संत्रं

आत्ताच करून बघितलं. २०१८ च्या बंदीआधीच्या मखराचा एक खांब अडगळीत होता. संत्र्याची साल त्याच्यासमोर चिमटून पिळली. बारीक फवारा उडाला आणि खांबावर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं पडली. निलगिरीच्या थेंबाने तर गोल विहीरच खणली. पोरं आता घरातली प्रत्येक बाटली आणून द्या म्हणतायत. खोबरेल, सॅनिटायझर, व्हिनेगर ह्यांनी काही झालं नाही.

सल्ला मागे घेतला.

---

सातारकर

मखरावरून आठवलं. आमचे मखरवाले थर्मोकोलला कायम पांढरा फेव्हिकॉलच लावायचे. चपलेचं सोल्यूशन लावलं की कमळाची पाकळी खाऊन टाकायचं. त्यांना कारण माहीत नसेल, पण नियम पाठ होता.

आणि खोक्यात डांबरगोळ्या टाकल्या असतील तर आधी त्या काढा! आईने कपड्यांच्या ट्रंकेतच माझी विमानाची दोन मॉडेलं ठेवली होती, कसर लागू नये म्हणून मूठभर गोळ्या टाकून. चार वर्षांनी उघडलं तर पंख वितळून कागदाला चिकटलेले, वर वर्तमानपत्राची अक्षरं उमटलेली. तिने मायेनेच ठेवलं होतं, मी तिला कधी काही बोललो नाही.

---

घाटमाथा

बापरे. एका खोक्यात चार गोळ्या निघाल्या! मात्र त्या कापडाच्या पुरचुंडीत, वरच्या कोपऱ्यात होत्या. खालच्या घराला काही झालेलं दिसत नाही. काढून बाहेर फेकल्या. सातारकर, तुमचे फार आभार.

---

सनबोर्ड

मी इमारतींची मॉडेलं बनवण्याच्या धंद्यात बावीस वर्षं आहे. बिल्डरच्या ऑफिसात काचेखाली टॉवर ठेवलेला असतो ना, तो आम्ही करतो. आमच्याकडे अ‍ॅक्रिलिक, सनबोर्ड आणि एबीएसचे पत्रे. अ‍ॅक्रिलिकला क्लोरोफॉर्म सिरिंजने सोडतो. रसायनवाला म्हणतात तसंच, सांधा उरतच नाही. प्लॅन बदलला की बिल्डर सांगतो चार मजले वाढवा, आणि आम्हाला चिकटवलेलं कापावं लागतं. तेव्हा हे सगळं रोजचं आहे.

पहिली गोष्ट, घर "सोडवायचं" हा विचार डोक्यातून काढा. कुठला भाग वाचवायचा आणि कुठला मरू द्यायचा हे कापायच्या आधी ठरवा. कोपऱ्यात दोन भिंती भेटतात, त्यातली एकच पूर्ण वाचते. समोरची भिंत हवी असेल तर करवत बाजूच्या भिंतीत, सांध्यापासून दोन मिलीमीटर आत चालवा. मग समोरच्या भिंतीच्या मागे जी पट्टी उरते ती कानशीने, पॉलिश पेपरने घासून काढा. सांध्यावरच करवत धरायचा मोह होतो, तिथे दोन्ही भिंतींच्या कडा जातात.

दुसरी, क्रम. छप्पर आधी, मग खिडक्यांच्या काचा, मग तळाची फरशी आणि शेवटी कोपरे. फरशी असेपर्यंत कोपरा हलत नाही आणि सगळा ताण भिंतीवर येतो.

तिसरी, हत्यार. कटरचं पातं पाचरीसारखं आत घालू नका. पाचर फोडते. पातं उलटं धरा, पाठीच्या टोकाने आतल्या कोपऱ्यात रेघ ओढा. दर वेळी केसाएवढी साल निघते. पट्टी धरून तीस-चाळीस वेळा ओढा, घाई नको. भिंतीची जाडी निम्मी झाली की दोन्ही बाजूंना बोटं ठेवून हलकेच वाकवा, रेघेवर सरळ तुटते. लांब कापायला पातळ पात्याची बारीक दातांची करवत. तिची खाच पाव मिलीमीटरची धरा. ऐकायला काहीच नाही, पण तुमच्या मापात खऱ्या इमारतीचे दोन सेंटीमीटर होतात. विटांच्या ओळी पुढे जुळवताना ते जाणवतं. तिथे पाव मिलीमीटरची पट्टी घालून भरून काढायचं.

चौथी गोष्ट वेळखाऊ आहे पण नाजूक कामाला उपयोगी. सांधा अरुंद असेल तर ब्रशचा पातळ सिमेंट पुन्हा त्याच फटीवर फिरवायचा. मिनिटभराने प्लॅस्टिक मऊ होतं, तेव्हा पातळ पातं सरकवत न्यायचं. कड चिखलासारखी होते, तिला बोट लावू नका. एक पूर्ण दिवस वाळू द्या, मग घासा. मी हे फक्त छपराच्या आणि पडवीच्या खांबांसाठी करतो. खिडकी उघडी ठेवून करा, तो वास छातीत बसतो.

आणि जुनं_लाकूड यांना सांगतो. माझ्याकडे माझ्या उस्तादांनी केलेला एक बंगला आहे, त्याला मी ब्लेड लावणार नाही. पण त्यांच्याच कितीतरी इमारतींच्या खिडक्या माझ्या मॉडेलांत बसल्यात. त्यांनीच मला त्या काढायला शिकवल्या.

---

डोंबिवली_फास्ट

हा प्रतिसाद वेगळा काढून ठेवण्यासारखा आहे. "पाचर फोडते" हे भिंतीवर लिहून ठेवतोय.

---

नेकरकाठी

श्टुटगार्टजवळून लिहितेय. थोडी भर.

फालर म्हणजे ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्यूटनबाख गावातली कंपनी, दोन भावांनी १९४६ मध्ये काढलेली. फोल्मर आमच्या श्टुटगार्टचीच. २०१४ मध्ये ती बंद झाली आणि तिचे साचे फीसमान ह्या दुसऱ्या मॉडेल कंपनीकडे गेले, किब्री ह्या तिसऱ्या कंपनीचे त्याआधीच गेले होते. त्यामुळे काकांच्या खोक्यातली बरीचशी घरं आजही नव्या खोक्यात मिळतात. "एकदा कापलं की परत नाही" ही भीती किटपुरती तरी थोडी कमी करा. काकांच्या हातचं पुन्हा मिळणार नाही, ते मान्यच.

इथे शनिवार-रविवारी जुन्या मॉडेल रेल्वेचे बाजार भरतात. आजोबांच्या तळघरातली जुळवलेली घरं केळ्यांच्या खोक्यात ढिगाने पडलेली असतात. न जुळवलेल्या किटला मान, जुळवलेल्याला कुणी विचारत नाही. मी तिथूनच सरावासाठी मोडकी घरं उचलते. घाटमाथा, मी जानेवारीत पुण्याला येतेय. दोन-तीन आणू का? काकांच्या घरांना हात लावण्याआधी त्यांच्यावर हात बसेल.

आणखी एक. इथली जुनी माणसं घरात दिवा लावायची. बल्ब उडाला की बदलायला छप्पर निघावं लागतं. काकांनी दिवे लावले होते का? तळाला तारेचं भोक आहे का बघा. असेल तर छप्पर सिमेंटने चिकटवलेलं नसणार.

---

घाटमाथा

आहे! भोक आहे! सहा इमारतींच्या तळाला आहे. मला ते साच्यातलंच वाटलं होतं. लहानपणी संध्याकाळी काका खोलीतला दिवा मालवून स्टेशनचे दिवे लावायचे ते आठवतंय. रविवारी बघतो. आणि हो, नक्की आणा, मी स्टेशनवर घ्यायला येतो.

---

कौलारू

थोडं अवांतर, पण तुमच्या कामाचं.

जर्मन छपरं दोन तऱ्हेची असतात. एक माशाच्या खवल्यासारखी, खालून गोल कौलं. ती आपल्याकडे शोभत नाहीत. दुसरी एकमेकांत अडकणारी, खाचेची, चौकोनी. ती नि:शंक वापरा. आपलं मंगलोरी कौल त्याच कुळातलं आहे. १८६५ मध्ये बासल मिशनने मंगळूरला पहिला कारखाना काढला, तो युरोपातल्या अडकणाऱ्या कौलाच्या धर्तीवर. म्हणजे जर्मन साच्यातलं छप्पर घाटातल्या स्टेशनवर चढवलंत तर ते पाहुणं नाही, आतेभाऊच आहे.

फक्त माप तपासा. मंगलोरी कौल साधारण ४१ बाय २४ सेंटीमीटरचं, एकावर एक चढल्यावर ओळीतलं दिसणारं अंतर ३२ सेंटीमीटरच्या आसपास. १:८७ मध्ये पावणेचार मिलीमीटर. छपरावर पट्टी ठेवून दहा ओळी मोजा, ३७-३८ मिलीमीटर आल्या तर डोळे मिटून घ्या.

उतार मात्र बदलावा लागेल. तिकडचा बर्फासाठी उभा, आपला त्याहून बराच पसरट. त्रिकोणी भिंत वरून छाटून घ्या. आढ्याला दोन्ही पत्रे नव्याने तासल्याशिवाय मिळणार नाहीत. आणि घाटातला पाऊस आहे, छज्जे लांब काढा.

---

मिलीमीटर

वा! ह्या निमित्ताने मीही विचारून घेतो. रुळांचं काय करणार? एचओचा रूळ १६.५ मिलीमीटर. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलीमीटर, म्हणजे १:८७ मध्ये १९ च्या वर हवा. घाटाच्या मापात अडीच-तीन मिलीमीटरचा फरक डोळ्याला दिसतो.

---

कोकणची_गाडी

मग नेरळ-माथेरान करा. १९०७ ची ६१० मिलीमीटरची लाइन, बरोबर ७ मिलीमीटर येते. झेड नावाच्या त्याहून लहान मापाचा साडेसहा मिलीमीटरचा रूळ जवळपास बसतो. स्टेशनही छोटंच लागतं.

---

डोंबिवली_फास्ट

लहानपणी कोथरूडला जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात बाबा घेऊन गेले होते, ते आठवलं. अंधार करून दिवे लागले तेव्हा माझा घास हातातच राहिला होता. तिथे रूळ किती मिलीमीटरचे हे कुणाच्या मनातही आलं नसेल. १६.५ चालेल हो.

---

जुनं_लाकूड

वरचं सगळं वाचलं. सनबोर्ड यांचं उस्तादांबद्दलचं वाक्य दोन दिवस डोक्यात आहे. माझं एवढंच म्हणणं उरलंय की कापण्याआधी काकूंना एकदा विचारा. त्यांनी "काहीतरी कर" म्हटलंय, पण करवत त्यांच्या मनात आहे का ते बघा. आणि प्रत्येक घराचे चारी बाजूंनी, आतून आणि मापपट्टी ठेवून फोटो काढा.

---

घाटमाथा

दहा दिवसांनी परत आलो. बरंच घडलं.

जुनं_लाकूड, तुमचं ऐकलं. मालधक्का घेऊन काकूंकडे गेलो आणि सरळ विचारलं. त्यांनी तो हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाल्या, "हा तर ह्यांनी तीनदा मोडून बांधलाय. आधी लांब होता, मग कपाट आलं म्हणून आखूड केला." मी नीट बघितलं. खरंच, मागच्या भिंतीत मधोमध उभा जोड आहे, विटांची ओळ तिथे अर्ध्या विटेने चुकते. चाळीस वर्षं कुणाच्या लक्षात आला नाही. त्या म्हणाल्या, "चर्च ठेव, ते मला आवडायचं. बाकीच्यांचं ते स्वतःही हेच करत बसले असते."

रविवारी कामाला बसलो. दिव्याच्या सहा इमारतींपैकी पाचांची छपरं कोमट पाण्यात दीड तासात निघाली. पांढऱ्या गोंदाचे चारच ठिपके, चारही कोपऱ्यांत तांदळाएवढे. बाकी कुठेही थेंब नाही. सहावं म्हणजे ते पापड झालेलं. तिथे आत बल्बचा करपट डाग आहे. नुसता माळ्याचा पत्रा नाही, आतली उष्णताही लागली असावी.

खिडक्यांच्या काचा सॅनिटायझर बनवतात त्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुटल्या. थर्मोकोल परीक्षा घेऊन मगच लावलं. पासोड्या विठोबापाशी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून बाटली आणली. रंगही बराच मऊ झाला, मात्र जुन्या टूथब्रशने हळू घासावा लागला.

कोपरे सनबोर्ड यांच्या पद्धतीने. छोट्या स्टेशनच्या समोरच्या भिंतीसाठी बाजूची भिंत मरू दिली. पातं उलटं धरून पहिल्या कोपऱ्यात मोजून ५२ रेघा ओढल्या. मग वाकवली तेव्हा आवाज आला तो वेगळाच, बिस्किट मोडल्यासारखा. समोरची भिंत अख्खी हातात आली, दारावरच्या दगडी कमानीसकट. उठून घरात सगळ्यांना दाखवून आलो.

आत्तापर्यंत वाचलेलं: जोत्याच्या चार भिंती, विटांच्या सहा, दरवाजे सगळे, खिडक्या अकरा. गेलेलं: एक धुरांडं, फ्रीझरमधून काढताना. मिलीमीटर यांनी बजावलं होतं तरी काढायचं राहिलं. कौलांच्या दहा ओळी ३८ मिलीमीटर भरल्या, कौलारू!

आता दोन प्रश्न. तडकलेल्या केबिनचं काय करू? आणि मालधक्क्याचा तो अर्ध्या विटेचा जोड मी तसाच ठेवणार आहे, पण तिथे पुन्हा लांबवायचा झाला तर कुठून कापू?

---

सनबोर्ड

शाब्बास! केबिनची तडक ताजी आहे तर कडा घासू नका, तशाच जुळवा, एकमेकांत बसतील. मागून पातळ सिमेंटचा एक थेंब फटीला टेकवा, तो आपणच आत ओढला जातो. मागे आडवी पट्टी लावा. बाहेरून रंगानंतर दिसणार नाही.

मालधक्का काकांच्या जोडाला हात न लावता दाराच्या चौकटीलगत कापा. तिथे उभी रेघ आधीच आहे, नवा जोड त्यात लपतो. आणि पन्हळीचा नळ त्यावर उतरवा.

---

जुनं_लाकूड

अर्ध्या विटेचा फोटो टाका.

---

घाटमाथा

सनबोर्ड, चौकटीलगतच कापतो. जुनं_लाकूड, आज उजेड गेला. उद्या सकाळी खिडकीत धरून काढतो, म्हणजे ओळ नीट दिसेल.